मुरूम घाणीने येत नाहीत. मग ही लाज कुणी पेरली?

आरक्षण, अ‍ॅट्रॉसिटी, शिष्यवृत्ती, संविधान एवढे सगळे प्रश्न समोर असताना मुरुमांवर लेख कशाला, असे काही कार्यकर्ते विचारतील. त्यांना माझे उत्तर सरळ आहे. आपली सतरा-अठरा वर्षांची मुलगी चेहरा झाकून घरात बसते आणि कॉलेज सोडायची भाषा करते, तेव्हा तो सौंदर्याचा प्रश्न उरत नाही, शिक्षणाचा प्रश्न होतो. आणि तिला घरात बसवणारी लाज जेव्हा 'तुम्ही लोक अस्वच्छ' या जुन्या आरोपातून आलेली असते, तेव्हा तो जातीचाही प्रश्न होतो.

मी तिरोडा तालुक्यातल्या बोदलकसा परिसरातला. बाहेरच्यांना बोदलकसा म्हणजे इंग्रजांच्या काळातला तलाव, हिवाळ्यातले पक्षी, भोवतीचे जंगल आणि पर्यटन निवास एवढेच माहीत असते. इथे राहणाऱ्यांसाठी बोदलकसा म्हणजे पावसाळ्यात चिखलात वाकून केलेला धानाचा रोवणा, उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता, आणि कॉलेजसाठी तिरोड्याची नाहीतर गोंदियाची वाट. उन्हात राबणाऱ्या माणसांची ही वस्ती आहे. आमची कातडी सावळी आहे, काळी आहे, आणि तिच्यावर ऊन-घामाच्या खुणा आहेत.

मागच्या उन्हाळ्यात गावातल्या मुलामुलींसाठी विहारात आठ दिवसांचे शिबिर घेतले. शेवटच्या दिवशी म्हटले, नाव न लिहिता चिठ्ठीवर प्रश्न विचारा. मला वाटले होते स्पर्धा परीक्षा, जात पडताळणी, वसतिगृह असे प्रश्न येतील. तेही आले. पण सगळ्यात जास्त चिठ्ठ्या चेहऱ्याबद्दल होत्या. 'पिंपल कशाने जातात?' 'लग्न झाल्यावर मुरूम जातात का?' 'रक्त खराब असले की पुटकुळ्या येतात का?' आणि एका चिठ्ठीवर, बारीक अक्षरात, 'आमच्याच लोकांना जास्त मुरूम का येतात?'

ही शेवटची चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. कारण प्रश्नातच उत्तर लपले आहे. आपल्या लोकांना जास्त मुरूम येतात असे त्या लेकराला कुणीतरी सांगितले होते.

मला कुणी सांगितले ते आठवते. नववीत असताना माझे गाल, कपाळ मुरुमांनी भरले होते. एका शिक्षकाने भर वर्गात विचारले, 'घरी साबण येत नाही का रे तुमच्याकडे?' वर्ग हसला. माझ्याच बाकावर बसणाऱ्या, वरच्या जातीच्या मुलाच्या चेहऱ्यावरही तेवढेच मुरूम होते. त्याला गुरुजी म्हणाले, 'वयात आला रे पोरगा.' एकाच बाकावर एकच आजार. त्याच्या बाबतीत वय, माझ्या बाबतीत घाण. मी त्या वर्षी दिवसातून सहा-सात वेळा कपड्याच्या साबणाने तोंड घासत होतो. कातडी सोलून निघायची, मुरूम तसेच.

म्हणून आधी कारण समजून घेऊ. बुद्धांनी दुःखाकडे पाहताना हाच क्रम घालून दिला: दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर करता येते, आणि त्यासाठी मार्ग आहे. नशीब, नजर, मागच्या जन्मीचे पाप यांना त्या क्रमात जागा नाही.

आपल्या कातडीत प्रत्येक केसाच्या मुळाशी तेल तयार करणारी एक छोटी ग्रंथी असते. तळवे आणि तळपाय सोडले तर या ग्रंथी जवळपास सगळ्या अंगावर असतात. चेहरा, छाती, पाठ इथे त्या मोठ्या आणि दाट असतात. वयात येताना मुलगा असो की मुलगी, शरीरात अँड्रोजेन नावाची संप्रेरके वाढतात. त्यांच्या प्रभावाने या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी केसाच्या छिद्राच्या आतल्या मृत पेशी नीट बाहेर न पडता तेलात चिकटून बसतात आणि छिद्राला बूच लागते. आत तेल साचते. क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नीज नावाचा जिवाणू, जो निरोगी कातडीवरही राहतोच, या बंद जागेत वाढतो. शरीराची संरक्षण यंत्रणा त्याला प्रतिकार करते. मग सूज, लाली, पू. यालाच आपण मुरूम म्हणतो. जास्त तेल, छिद्राचे बूच, जिवाणू आणि सूज अशी ही चार कारणांची साखळी आहे.

यात धूळ कुठे आहे? घाण कुठे आहे? बूच कातडीच्या आत लागते, तिथे साबण पोचत नाही. काही मुरुमांचे टोक काळे दिसते, ते पाहून 'बघ, मळ अडकलाय' म्हणतात. तो मळ नव्हे. छिद्राचे तोंड उघडे राहिले की आतल्या द्रव्यातले मेलॅनिन हवेच्या संपर्कात काळे पडते. मेलॅनिन म्हणजे आपल्या कातडीला रंग देणारेच द्रव्य.

किती मुरूम येणार हे बऱ्याच अंशी आनुवंशिकतेवर ठरते. आईवडिलांना खूप आले असतील तर मुलांना येण्याची शक्यता जास्त. त्यात भर घालणारी कारणे वेगळी. कपाळावर ओघळणारे केसांचे तेल, चेहऱ्यावर जाड थर देणारी क्रीम, सतत घट्ट बांधलेला घामट स्कार्फ, काही औषधे. तेलकट आणि तिखट खाल्ल्याने मुरूम येतात याला भक्कम पुरावा नाही. साखर, मैद्याचे पदार्थ, गोड पेये यांचा थोडा संबंध दिसतो, काहींच्या बाबतीत दुधाचाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी हे खास लक्षात ठेवावे: जिममध्ये कुणी दिलेली प्रोटीन पावडर आणि त्याहून वाईट म्हणजे अंग भरवणारी इंजेक्शने यांनी पाठ-छातीवर मोठे फोड येऊ शकतात. मुलींना मुरुमांसोबत पाळी अनियमित होत असेल, हनुवटीवर केस वाढत असतील, तर पीसीओएसची तपासणी करून घ्यावी. लग्नाचा याच्याशी काही संबंध नाही. वाईट विचारांचा तर नाहीच नाही.

आणि जातीचा? तेलग्रंथीला जात कळत नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे का, हा प्रश्न तपासला. त्या काळी मानववंशशास्त्रज्ञ नाकांची मापे घेऊन वंश ठरवत असत. बाबासाहेबांनी त्यांचीच मापे समोर ठेवली आणि दाखवले की त्या मापांनुसार ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ज्यांना शरीरावर जात दिसत होती, त्यांना त्यांनी त्यांच्याच आकड्यांनी उत्तर दिले. चेहऱ्याकडे पाहून 'कळते कोणत्या समाजाचा आहे' म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

इथे कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीच तर स्वच्छ राहायला सांगितले. सांगितलेच. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी आपल्या माताभगिनींना स्वच्छ राहा, जात ओळखू येईल असे लुगडे नेसणे आणि तसले दागिने घालणे सोडा, असे सांगितले. पण त्याचा अर्थ आपण घाण होतो असा नाही. ज्यांना पाण्याला हात लावू दिला नाही त्यांनाच अस्वच्छ म्हणणारी ती व्यवस्था होती. जातीची खूण अंगावरून उतरवून टाका, हा त्या सांगण्याचा गाभा होता. आज चेहऱ्यावरच्या आजाराला जातीची खूण बनवले जात असेल, तर तीही उतरवायची आहे.

आता मूळ दुखण्याकडे येतो. ही लाज बाजाराला बरोबर कळली आहे. आपल्या मुलामुलींना दोन गोष्टींची लाज शिकवलेली असते, मुरुमांची आणि काळ्या रंगाची. त्यामुळे जे क्रीम मुरूमही घालवते आणि गोरेही करते, ते हातोहात खपते. गोरेपणाचा बाजार जुना आहे. १९७५ मध्ये आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चे नाव कंपनीने २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' केले, तेही अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या जीविताचा लढा पेटल्यावर. पण मी ज्या ट्यूबबद्दल बोलतो आहे ती सौंदर्यप्रसाधन नसून औषध आहे, आणि म्हणून जास्त धोकादायक आहे. ती मेडिकलच्या दुकानात मिळते. तिच्यात स्टेरॉइड असते.

माझ्या भावाची मुलगी बारावीला आहे. तिला गालावर मुरूम होते, साधेच. ओळखीच्या एकीने सांगितले म्हणून तिने तालुक्याच्या एका मेडिकलमधून ट्यूब आणली. चिठ्ठी कुणी मागितली नाही. आठ-दहा दिवसांत मुरूम सुकले आणि चेहरा उजळला. घरातले खूश. 'पोरगी गोरी झाली गे,' म्हणून शेजारणीही विचारायला येऊ लागल्या. चार महिन्यांनी रोवण्याला बांधावर गेली तर उन्हात चेहऱ्याची आग आग. गालांवर लाल शिरांचे जाळे. ओठांवर, हनुवटीवर लव वाढलेली. आणि आधी होते त्याच्या तिप्पट मुरूम. ट्यूब बंद केली की चेहरा सुजायचा, परत लावली की दोन दिवस बरे वाटायचे. मग तिने स्कार्फ बांधला तो घरातही सोडेना. कॉलेज बंद. आजी विचारायची, 'काहून लपते गे बाई?' ती उत्तर देत नव्हती.

हे का होते? स्टेरॉइड सूज दाबते आणि कातडीतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. म्हणून लाली जाते, रंग फिका दिसतो. मुरुमाचे मूळ कारण, म्हणजे तेल आणि बूच, जिथल्या तिथे राहते. आठवडे-महिने लावत राहिले की कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, ऊन सोसत नाही, केस वाढतात, आणि स्टेरॉइडमुळेच नवे मुरूम उठतात. थांबवले की दाबलेली सूज उसळून येते, त्यामुळे माणूस पुन्हा तीच ट्यूब शोधतो. एखाद्या व्यसनासारखे हे चक्र आहे. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना असे एवढे रुग्ण दिसले की त्यांनी या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले: 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस', म्हणजे स्टेरॉइडच्या मलमाने बिघडलेला चेहरा. त्यांच्या संघटनेने यावर मोहीम चालवली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडची मलमे शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकणे बेकायदेशीर ठरवले. कायदा झाला, पण आपल्या तालुक्याच्या काउंटरवर तो पोचला का, हे तुम्हीच तुमच्या गावात पाहा.

आमच्या पोरीला गोंदियाला त्वचारोगाच्या सरकारी ओपीडीत नेले. डॉक्टर मॅडमनी चेहऱ्याआधी ट्यूब मागितली. उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचली आणि तिला म्हणाल्या, 'बेटा, तुझी काही चूक नाही, हे विकणाऱ्याची चूक आहे.' ते ऐकून ती रडली. चेहरा ताळ्यावर यायला सहा महिने लागले. मधल्या काळात ती स्कार्फ बांधूनच का होईना, कॉलेजला जायला लागली.

तेव्हा ट्यूब उलटी करून वाचायला शिका. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एकही नाव दिसले तर ते स्टेरॉइड आहे. मुरुमांवर स्वतःच्या मनाने लावू नका. यातच हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन मिसळलेली तिहेरी क्रीमही गोरेपणासाठी विकली जाते. ती काही ठरावीक डागांवर, डॉक्टरांच्या देखरेखीत, थोड्या काळासाठी असते. नावे इंग्रजीत छापलेली असतात, म्हणून ही यादी दोन्ही लिपींत लिहून अभ्यासिकेच्या भिंतीवर लावा. आणि कुणी अशी ट्यूब महिनोन्महिने लावत असेल तर त्याला हसू नका. ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे न्या.

मग खरा उपचार कोणता? तो आहे, आणि बहुतेकांसाठी महागही नाही. सौम्य साबणाने दिवसातून दोनदा तोंड धुवा, घासू नका. मुरूम फोडू नका. आपल्या सावळ्या कातडीवर मुरूम बरा झाल्यावर काळा डाग महिनोन्महिने राहतो, आणि फोडला तर कायमचा खड्डा पडू शकतो. काळा डाग हळूहळू फिका होतो, खड्डा जात नाही, म्हणून वाढलेल्या मुरुमांवर उपचार लवकर हवा. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा यांनी कातडी भाजते. शेतात जाताना सुती दुपट्टा किंवा टोपी वापरा, पण घाम आला की ती सोडून चेहरा वारा लागू द्या.

साध्या मुरुमांवर बेन्झॉइल पेरॉक्साइड जेल चालते. अडीच टक्क्यांपासून सुरुवात करावी, पातळ थर द्यावा. सुरुवातीला थोडी जळजळ, कोरडेपणा येतो. कपड्याला, उशीला लागले तर रंग उडतो. छिद्रांचे बूच काढायला अ‍ॅडापलीन जेल रात्री लावतात; गर्भवतींनी ते वापरू नये. ही दोन्ही औषधे फक्त आलेल्या फोडावर नव्हे, मुरूम येणाऱ्या सगळ्या भागावर लावायची असतात. आणि धीर धरायचा. आठ ते बारा आठवडे लागतात. आठ दिवसांत चेहरा उजळवणारे क्रीम दिसले की शंका घ्या. पुवाचे फोड जास्त असतील तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिनसारख्या अँटिबायोटिक गोळ्या काही आठवडे देतात. त्या एकट्या आणि मनाने घेतल्या तर जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. मोठ्या गाठी, खड्डे पाडणारे मुरूम यांवर आयसोट्रेटिनॉइन हे प्रभावी औषध आहे. पण गर्भारपणात ते घेतल्यास बाळात गंभीर व्यंग येते, रक्ततपासणीही लागते. त्यामुळे ते काउंटरवरून कधीच घेऊ नका.

या औषधांचाही एक इतिहास आहे आणि तो आपल्याला माहीत असायला हवा. ट्रेटिनॉइन हे मुरुमांवरचे क्रांतिकारी औषध १९७१ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. त्यामागे अल्बर्ट क्लिगमन हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ होते. त्यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ या काळात कैद्यांच्या कातडीवर नाना प्रयोग केले. कैदी बहुतेक कृष्णवर्णीय. थोडे डॉलर हातावर ठेवून, पुरेशी माहिती न देता, त्यांच्या पाठीवर रसायने लावली गेली. अ‍ॅलन हॉर्नब्लम यांनी १९९८ मध्ये 'एकर्स ऑफ स्किन' या पुस्तकात हे सगळे उजेडात आणले. विद्यापीठाने २०२१ मध्ये आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये माफी मागितली. ज्यांच्यापासून दलित पँथरने १९७२ मध्ये नाव घेतले त्या कृष्णवर्णीयांच्या कातडीवर हे ज्ञान उभे आहे. औषधाची तपासणी करायला शोषितांची कातडी चालते, मग उपचार घ्यायला त्यांना दार बंद का?

कारण दार अर्धे बंदच आहे. बोदलकशातून त्वचेच्या डॉक्टरकडे जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, मेडिकलची ट्यूब मात्र दहा मिनिटांत मिळते. बेन्झॉइल पेरॉक्साइड जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. म्हणजे मुरुमांचा उपचार ही चैन नाही, असे जगाने मान्य केले आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मग आपल्या केंद्रात हे औषध आहे का, हे विचारणे आपला हक्क आहे. ठरलेल्या दिवशी त्वचारोगतज्ज्ञ तिरोड्यात बसावा, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात यायला काय हरकत आहे? चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड विकणाऱ्या दुकानाची लेखी तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. एका तक्रारीने काही होणार नाही, पण दहा गावांतून दहा गेल्या तर बघावे लागेल.

आणि दुकानाआधी आपल्या घरात एक काम करायचे आहे. मुलगी पाहायला आलेल्यांनी 'थोडी सावळी आहे' म्हटले की आपणच मान खाली घालतो. जयंतीच्या फ्लेक्सवर स्वतःचा फोटो लावताना आपलीच पोरे मोबाइलमध्ये चेहरा दोन छटा गोरा करून घेतात. ब्राह्मणी सौंदर्यशास्त्र बाहेर आहे तसे आपल्या आरशातही आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने गोऱ्या रंगाची पूजा का करावी?

त्या चिठ्ठीचे उत्तर इथे देतो, कारण ते लेकरू हा लेख वाचेल असे वाटते. आपल्या लोकांना जास्त मुरूम येत नाहीत. ते सगळ्यांना येतात. आपल्याला फक्त त्यांची जास्त लाज वाटायला लावली आहे, आणि खरे औषध दूर ठेवले आहे. चेहरा झाकू नकोस. कॉलेज सोडू नकोस. ट्यूबची मागची बाजू वाच, आणि वाचता येत नसेल तर विहारात ये, सगळे मिळून वाचू.

जय भीम!